अब्रूचा पत्ता : अपकृत्य, बदनामी आणि न्यायालयाची हद्द

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या एकोणिसाव्या कलमाखाली दोन छोटी उदाहरणे छापलेली आहेत. पहिल्यात दिल्लीत राहणारा माणूस कोलकात्यात एकाला मारहाण करतो. दुसऱ्यात दिल्लीत राहणारा माणूस कोलकात्यात एकाची बदनामी करणारा मजकूर प्रसिद्ध करतो. दोन्ही प्रकरणांत ज्याचे नुकसान झाले त्याला दिल्लीत किंवा कोलकात्यात, त्याच्या मर्जीप्रमाणे, दावा लावता येतो. दिल्लीच्या जागी पुणे आणि कोलकात्याच्या जागी परभणी जिल्ह्यातले चारठाणा घातले, तरी कायदा तोच राहतो. मात्र दोन उदाहरणांत एक फरक आहे आणि कलम तो सांगत नाही. काठीचा टोला एकदा, एका जागी बसतो. छापलेले वाक्य पुण्यात, परभणीत, जिंतुरात आणि चारठाण्याच्या पारावर वेगवेगळ्या माणसांच्या हाती पडते. मग अपकृत्य नेमके कुठे घडले? बदनामीच्या कायद्यातले बहुतेक अवघड प्रश्न या एका प्रश्नातून निघतात.

जिंतूर तालुक्यातले चारठाणा यादवकालीन मंदिरांसाठी, विशेषतः गोकुळेश्वराचे मंदिर आणि बारव यांसाठी, ओळखले जाते. गावात पोलीस ठाणे आहे, दिवाणी न्यायालय जिंतूरला, जिल्हा न्यायालय परभणीला आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. कायद्याची पाठ्यपुस्तके उदाहरणांसाठी बहुधा महानगरे निवडतात. पण ज्याची अब्रू गेली त्याला कोर्टापर्यंत किती चालावे लागते, हे अशा गावातून पाहिले की स्पष्ट दिसते.

‘अपकृत्य’ म्हणजे करारभंग नसलेली, पण जिच्याबद्दल दिवाणी न्यायालय नुकसानभरपाई देऊ शकते अशी चूक. निष्काळजीपणा, उपद्रव, अतिक्रमण, बेकायदा अडवून ठेवणे, फसवणूक आणि बदनामी हे तिचे मुख्य प्रकार. भारतात करार, पुरावा, मालमत्तेचे हस्तांतरण या विषयांवर एकोणिसाव्या शतकातच संहिता झाल्या. अपकृत्यांची मात्र झाली नाही. फ्रेडरिक पोलॉक यांनी हिंदुस्थान सरकारसाठी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला. तो १८८६ चा. त्याचा कायदा कधीच झाला नाही. पोलॉक यांच्या पुस्तकाचे परिशिष्ट म्हणून तो उरला. त्यामुळे हा विषय न्यायनिवाड्यांतून आणि ग्रंथांतून वाढला. मुंबईत रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर यांचा अपकृत्यविधीवरचा ग्रंथ १८९७ मध्ये निघाला आणि तालुक्याच्या वकिलांच्या कपाटापर्यंत पोचला. अपकृत्य कशाला म्हणावे यावर इंग्लंडात सामंड आणि विनफिल्ड यांचा वाद गाजला. सामंड यांच्या मते ही सुट्या चुकांची यादी आहे, तर विनफिल्ड यांच्या मते सगळ्या चुकांच्या मागे एकच तत्त्व आहे. विनफिल्ड यांनी आपली मांडणी कोलकाता विद्यापीठाच्या टागोर विधी व्याख्यानमालेत केली आणि ती १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली. ज्या देशात या विषयाची संहिता नव्हती, त्याच देशात त्याची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या घडली, ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते.

संहिता नसली तरी निवाडे आधाराशिवाय होत नव्हते. मुंबई इलाख्यात १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशाला सांगितले होते की कायदा नसेल तिथे रूढी पाहावी आणि तीही नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक यांना धरून निकाल द्यावा. १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने या शब्दांचा अर्थ, इथल्या परिस्थितीला लागू पडतील तर इंग्रजी कायद्याचे नियम, असा लावला. इंग्लंडचा अपकृत्यविधी त्या वाटेने आला. मात्र चारठाणा मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या राज्यात होते. ही बाब पुढे हद्दीच्या प्रश्नात महत्त्वाची ठरते.

मराठवाड्यातून आलेले अपकृत्याचे एक प्रकरण या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात बाळंतपणानंतर एका स्त्रीवर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि टॉवेलासारखा कपडा पोटात राहून गेला. त्या महिन्यातच ती वारली. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते नाकारले. सरकारी दवाखाना चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, म्हणून राज्य जबाबदार नाही, असा बचाव तिथे चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, तो बचाव फेटाळून भरपाई कायम केली. मृत्यू १९६३ मधला आणि शेवटचा शब्द १९९६ मधला. या तेहतीस वर्षांचा हिशेब ३६,००० रुपयांत धरलेला नाही.

अपकृत्यांच्या कुळात बदनामी वेगळी उठून दिसते, कारण इथे इजा शरीराला किंवा मालमत्तेला होत नाही, इतरांच्या मनातल्या प्रतिमेला होते. मराठीत या प्रतिमेला ‘अब्रू’ हा फारसीतून आलेला शब्द रुळला. मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी, तेज. तेज पाहायला दुसरा कुणीतरी लागतो. म्हणून कायद्याची पहिली अट अशी की मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. बंद खोलीत दोघांत झालेल्या शिवीगाळीने राग येतो, पण दिवाणी अर्थाने बदनामी होत नाही. पाटणा उच्च न्यायालयापुढे १९५८ मध्ये उर्दू पत्राचे एक प्रकरण आले होते. ज्याला पत्र लिहिले त्याला उर्दू येत नव्हते, त्याने ते दुसऱ्याकडून वाचून घेतले. त्याला उर्दू येत नाही आणि पत्र दुसरा कुणी वाचेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही, म्हणून बदनामी ठरली नाही. निजामाच्या काळात मराठवाड्यातले कित्येक सरकारी कागद उर्दूत असत आणि ते गावात दुसऱ्याकडून वाचून घेतले जात. तिथल्या वाचकाला हा निवाडा पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.

शब्दाने होणारी इजा हा विचार इंग्रजांनी आणला, असे मानणे चूक आहे. धर्मशास्त्रातल्या अठरा व्यवहारपदांत ‘वाक्पारुष्य’ हे एक स्वतंत्र पद आहे. नारदाने त्याचे निष्ठुर, अश्लील आणि तीव्र असे तीन प्रकार केले. याज्ञवल्क्याने म्हटले की एखाद्याच्या व्यंगावरून किंवा आजारावरून, खरे बोलून, खोटे बोलून किंवा उपरोधाच्या स्तुतीने जो हिणवतो त्याला साडेबारा पण दंड करावा. याज्ञवल्क्यावरची ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, लिहिली. हे सारे मराठी वाचकाला महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात एकत्र सापडते. याज्ञवल्क्याच्या नियमात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. उपरोधाची स्तुती दंडनीय मानून त्याने आजच्या कायद्यातली व्यंग्यार्थाची कल्पना कित्येक शतके आधी ओळखली. आणि खरे बोलणे हा तिथे बचाव नव्हता; आंधळ्याला आंधळा म्हणून हिणवणारा सुटत नसे. मात्र दंडाचे मोजमाप जातीच्या उतरंडीवर बसवलेले होते आणि तेवढ्यानेच तो कायदा आज आदर्श ठरू शकत नाही.

आजच्या दिवाणी कायद्यात खरेपणा हा पूर्ण बचाव आहे. मजकूर खरा असेल तर भरपाई नाही, हेतू कितीही वाईट असो. फौजदारीत तसे नाही. तिथे मजकूर खरा असून लोकहितासाठी प्रसिद्ध केलेला असावा लागतो. याखेरीज सद्हेतूने केलेली टीका आणि विधिमंडळात, न्यायालयात केलेली विधाने यांना संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सांगितले की सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांना बदनामीबद्दल भरपाईचा दावा लावता येत नाही. ग्रामपंचायतीच्या कारभारावर लिहिणाऱ्यांना हे माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे.

मुंबई-महाराष्ट्राशी निगडित तीन खटले या कायद्याचे तीन चेहरे दाखवतात. पहिला १८६२ चा. मुंबईच्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात करसनदास मुळजी यांनी वैष्णव महाराजांच्या अनाचाराबद्दल लिहिले. सुरतेच्या जदुनाथजी महाराजांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ५०,००० रुपयांचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांची साक्ष झाली. मजकूर खरा ठरला आणि दावा महाराजांवरच उलटला. जो अब्रूसाठी कोर्टाची पायरी चढला त्याच्याच अब्रूची भर कोर्टात चौकशी झाली. बदनामीच्या दाव्यात हा धोका कायमचा असतो, आणि सल्ला देणाऱ्या वकिलाने तो पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगावा.

दुसरा खटला फौजदारी होता. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपतींना छळतात, असा मजकूर आणि काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी छापली. पत्रे बनावट निघाली. संस्थान कोल्हापूरचे, वृत्तपत्रे पुण्याची, खटला मुंबईत. जुलै १८८२ मध्ये गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. दोघांनी माफी छापली होती, हेतूही लोकहिताचा होता. पण कागद खरे आहेत की नाहीत हे पारखून घेण्याची जबाबदारी हेतूने टळत नाही, हे या खटल्यात ठरले. आज कागदाचे छायाचित्र मिळाले की ते पुढे ढकलणारे संपादक आणि कार्यकर्ते नेमके याच जागी अडकतात.

तिसरा खटला हद्दीच्या अभ्यासासाठी सर्वांत मोलाचा आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकाने टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवले आणि गोरक्षण, आखाडे, ताई महाराज प्रकरण, रँड आणि जॅक्सन यांचे खून अशा बाबतींत त्यांच्यावर आरोप केले. मंडालेहून सुटल्यावर टिळकांनी लंडनमध्ये चिरोल आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर दावा लावला. साक्षीदार इथे होते म्हणून कमिशन नेमून हिंदुस्थानात जबान्या घेतल्या गेल्या. सुनावणी जानेवारी आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यायमूर्ती डार्लिंग आणि ज्यूरी यांच्यासमोर झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन आणि चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे होते. ज्यूरीने चिरोल यांच्या बाजूने कौल दिला आणि खर्चाचा बोजा टिळकांवर आला.

लंडनमध्येच दावा का? प्रतिवादी तिथे राहत होते, पुस्तक तिथे छापले होते आणि मुंबईचा हुकूमनामा लंडनात सरळ बजावून घेण्याची सोय तेव्हा नव्हती. कायद्याच्या हिशेबाने निवड समजण्यासारखी होती. पण ज्या अब्रूबद्दल दावा होता ती पुण्यात, वऱ्हाडात, मराठवाड्यात नांदत होती. ती ज्यांच्या मनात होती त्यांतला एकही माणूस ज्यूरीत नव्हता. युद्ध नुकतेच संपलेल्या लंडनच्या ज्यूरीपुढे राजद्रोहाची शिक्षा भोगलेला माणूस अब्रू मागत होता. चिरोल खटल्याची चर्चा बहुधा टिळकांच्या धैर्याभोवती किंवा ज्यूरीच्या पूर्वग्रहाभोवती फिरते. त्यात खरा प्रश्न झाकला जातो: अब्रू जिथे राहते तिथले न्यायालय मिळाले नाही, तर कायद्याचे शब्द सारखे असूनही न्याय सारखा राहत नाही.

जिंतूरच्या वकिलाने लिहिलेल्या दाव्याच्या शेवटी एक ठराविक परिच्छेद असतो: दाव्यास कारण अमुक तारखेला अमुक ठिकाणी घडले, म्हणून या न्यायालयास दावा चालवण्याचा अधिकार आहे. नवशिके वकील तो जुन्या दाव्यातून उतरवून घेतात. बदनामीच्या दाव्यात मात्र खरी लढाई याच परिच्छेदावर होते. कुठल्या अंकात, कुठल्या गावात, कोणी वाचले, हे तिथे लिहावे लागते. पुण्याच्या वृत्तपत्राचा अंक चारठाण्यात येत असेल आणि वादीला ओळखणाऱ्या माणसांनी तो तिथे वाचला असेल, तर अपकृत्य जिंतूरच्या हद्दीत घडले असे म्हणता येते. वाचणाऱ्याचे नाव आणि त्याची साक्ष नसेल तर परिच्छेद पोकळ राहतो. दावा सर्वांत खालच्या सक्षम न्यायालयात लावावा लागतो; पाच लाख रुपयांपर्यंतचे दावे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. जागेच्या हद्दीबद्दल प्रतिवादीने हरकत घ्यायची तर सुरुवातीलाच घ्यावी लागते. निकाल विरुद्ध गेल्यावर अपिलात ती सहसा ऐकली जात नाही.

फौजदारी वाट वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाने बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा अशी शिक्षा ठेवली आहे. जुन्या दंड संहितेतली तीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात, वैध ठरवली होती. हा गुन्हा अदखलपात्र (एन.सी.) आहे. चारठाणा पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला सहसा एन.सी.ची नोंद करून न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगितले जाते, आणि ते कायद्याला धरूनच आहे. फिर्याद बदनामीची झळ लागलेल्या माणसाने करावी लागते. आरोपी हद्दीबाहेर राहत असेल तर समन्स काढण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, ही अट दूरच्या वार्ताहराला नाहक फेऱ्यांतून वाचवते. दोन वर्षांच्या कैदेची टांगती तलवार मतभेदाच्या बोलण्यावर ठेवावी का, हा प्रश्न २०१६ च्या निकालाने मिटला असला तरी विद्वानांत मिटलेला नाही. तो मिटूही नये.

हद्द ही नकाशावरची रेघ असते, आणि मराठवाड्यात ती अनेकदा हलली. १९४८ पर्यंत पुण्यात छापलेला आणि जिंतुरात वाचलेला मजकूर दोन वेगळ्या राज्यांत पसरत होता. एकीकडचे न्यायालय दुसरीकडे परके होते. याचे परिणाम किती लांबतात ते ग्वाल्हेरचे सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांच्या प्रकरणात दिसते. त्यांनी ग्वाल्हेरच्या न्यायालयातून १९४८ मध्ये मिळवलेला हुकूमनामा अलाहाबादेत बजावायचा होता. प्रतिवादी ग्वाल्हेरला हजर झाले नव्हते. पुढे दोन्ही प्रदेश एका देशात आले, तरी निवाडा दिला तेव्हा ते न्यायालय परके होते, म्हणून हुकूमनामा बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवले. हैदराबाद राज्याला १ एप्रिल १९५१ पासून भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि अपिले हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागली. औरंगाबादचे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाले, त्यालाही आव्हान मिळाले आणि ते सर्वोच्च न्यायालयात टिकले. मधल्या पंचवीस वर्षांत परभणीच्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत होती. अधिकारितेच्या ग्रंथांत हे अंतर येत नाही, पण दावा लढवायचा की सोडून द्यायचा हे कित्येकदा त्यावरच ठरले असणार.

अपकृत्य आणि हद्द यांची सर्वांत मोठी टक्कर भोपाळच्या प्रकरणात झाली. १९८४ च्या वायुगळतीनंतर भारत सरकारने कारखान्याच्या अमेरिकी मूळ कंपनीवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. भारतीय न्यायव्यवस्था असा दावा पेलू शकणार नाही, असे सांगणारे अमेरिकी अभ्यासक मार्क गॅलंटर यांचे प्रतिज्ञापत्र सरकारच्या बाजूने होते; ती पेलू शकेल, असे सांगणारे मुंबईचे नानी पालखीवाला यांचे कंपनीच्या बाजूने. न्यायाधीश कीनन यांनी १९८६ मध्ये दावा भारतात पाठवला. १९८९ मध्ये तो ४७ कोटी डॉलरांवर मिटवला गेला. आपल्याच न्यायालयांवर विश्वास नाही असे सरकारने परदेशात सांगावे, याचे दुःख त्या कागदपत्रांत आजही जाणवते.

इंटरनेटने टोल्याची जागा अनंत केली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००२ च्या गटनिक प्रकरणात ठरवले की अमेरिकेतल्या यंत्रावर चढवलेला मजकूर व्हिक्टोरियात वाचला गेला, तर बदनामी व्हिक्टोरियात झाली. तत्त्व जिंतूरच्या परिच्छेदातलेच आहे: वाचणारा कुठे आहे आणि वादीला तिथे कोण ओळखते. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा मजकूर या दृष्टीने गावात वाटलेल्या पत्रकाहून वेगळा नाही. मात्र सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत दिसत नसेल तर, गटाचा अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका फौजदारी प्रकरणात म्हटले. मजकूर लिहिणारा भाऊबंद परदेशी असेल तर अडचण हुकूमनाम्यानंतर सुरू होते. ब्रिटनशी परस्पर अंमलबजावणीची व्यवस्था आहे, पण तिथल्या २०१३ च्या कायद्याने बाहेरच्या माणसाविरुद्ध बदनामीचा दावा तिथे लावणे कठीण केले. अमेरिकेने २०१० मध्ये कायदाच केला की तिथल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीला न उतरणारा परदेशी बदनामीचा निवाडा बजावला जाणार नाही. न्यू जर्सीत बसलेल्या प्रतिवादीविरुद्ध जिंतूरचा हुकूमनामा बहुधा गावाकडच्या त्याच्या जमिनीपुरताच कामाचा ठरतो.

हे सारे एका वर्षात सुरू करावे लागते. १९६३ च्या मुदत अधिनियमात बदनामीच्या दाव्याला प्रसिद्धीपासून फक्त एक वर्ष दिले आहे. नोटिसा, मध्यस्थी आणि गावातली समजूत यांत ते सहज निघून जाते. दावा चालू असताना वादी वारला तर वारसांना तो पुढे नेता येत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या ३०६ व्या कलमाने बदनामीचा हक्क माणसाबरोबर संपतो, आणि दावा फेटाळल्यावरच्या अपिलालाही ते लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितले. फौजदारी कायदा मात्र मृत माणसाबद्दलचा मजकूरही, त्यातून घरच्यांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर, बदनामी मानतो. म्हणून वडिलांच्या नावावर मरणोत्तर उडालेल्या शिंतोड्यांसाठी चारठाण्याचा मुलगा जिंतूरच्या त्याच आवारात दिवाणी दावा घेऊन जाऊ शकत नाही, फिर्याद घेऊन जाऊ शकतो.